गॉडफ्रे अंकलचा बत्तीस इंची

दारातून जाताना ते चौकटीला हात लावतात.

चहा ओतताना बोटाचं टोक कपाच्या काठावर ठेवतात.

कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर तो हात तसाच राहतो. मग समोरचा गोंधळून नमस्कार करतो, आणि तेही हसून नमस्कार करतात.

बोलताना नुसते डोळे वळवत नाहीत, अख्खी मान वळवतात.

बावखलाच्या कडेने जायची वेळ आली की मला पाण्याच्या बाजूला घालतात. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं तळं, त्याला कठडा नसतो.

वाचताना चष्मा काढतात. तळटीपासुद्धा सोडत नाहीत.

देवळात, इकडे चर्चला देऊळच म्हणतात, बायबल वाचायला उठले की वेदीच्या पायरीला आधी बुटाचं टोक लावतात, मग चढतात. लोकांना ती भक्ती वाटते.

टीव्ही घरातल्या सगळ्यांत लांबच्या जागेवरून बघतात. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून.

या सवयी मी दोन वर्षं बघत होतो. वय झालं, म्हणून सोडून देत होतो. त्यांचा अर्थ मला टीव्हीच्या दुकानात कळला. गॉडफ्रे अंकलची नजर कडेकडून बुजत चालली होती. घरात कुणाला ते माहीत नव्हतं.

मी संकेत. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. मराठी घेऊन एम. ए. केलं आणि सध्या पश्चिमेच्या एका वाचनालयात संध्याकाळचा बसतो. गॉडफ्रे लोपीस तिथले सभासद. बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, शर्ट कायम आत खोचलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही इथे पुस्तकं देता की वाचता?"

"दोन्ही."

"मग तुम्ही टिकत नाही."

मी टिकलो. ते येत राहिले. हळूहळू अहोचं अरे झालं, आणि रविवारी त्यांच्या घरी जेवणही ठरून गेलं.

घर आगाशीच्या पुढे, गावात. मागे केळीची वाडी. घरात एमिली आंटी आणि मुलगा एरॉल. एरॉल अंधेरीला विमा कंपनीत आहे. स्टेशनपर्यंत बाईकने जातो. ईस्टरनंतर, मे महिन्यात त्याचं लग्न ठरलंय. मुलगी शेजारच्या गावातली, ॲनिशा. घरात ते आपल्या बोलीत बोलतात. मी असलो की माझ्यासाठी शाळेतली मराठी काढतात, आणि भांडण रंगलं की ती विसरतात.

या गावात अर्ध्या घरांचं आडनाव लोपीस आहे. नुसतं लोपीस विचारलं तर कुणी पत्ता सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं. कुणी शिंप्याचे, कुणी उंच ओट्याचे. मी पहिल्यांदा घर शोधत गेलो तेव्हा नाक्यावरच्या बाईने विचारलं, "कुठचे लोपीस? आंधळ्याचे?"

मी म्हटलं, माहीत नाही. बँकेतले गॉडफ्रे.

"तेच की. आंधळ्याचे."

हे नाव अंकलच्या वडिलांवरून पडलं. सांतान लोपीस. पन्नाशीत त्यांची दृष्टी गेली. गावाने ठरवलं, मोतीबिंदू. पिकला की काढू, असं म्हणत घरचे थांबले. पिकलं काहीच नाही. पुढची सगळी वर्षं ते ओट्यावर बसून राहिले. येणाराजाणारा त्यांना विचारी, "सांतान, मी कोण ते ओळख." ते आवाजावरून ओळखत. हा गावाचा खेळ होता. अंकलनी मला हे सांगितलं तेव्हा त्यात राग नव्हता. फक्त एवढंच म्हणाले, "बँकेत लागलो तेव्हा टेबलावर माझ्या नावाची पाटी आली. गॉडफ्रे लोपीस. दिवसभर मी तीच बघत होतो."

जानेवारीत त्यांचा जुना टीव्ही बंद पडला. तो नसता पडला, तर मला काहीच कळलं नसतं.

हॉल लांबट आहे. एका भिंतीवर आल्तार. येशूची तसबीर, मारियेची मूर्ती, लाल दिवा. समोरच्या भिंतीला टेबलावर टीव्ही. संध्याकाळी रोझरीची, म्हणजे जपमाळेची, वेळ झाली की टीव्ही बंद होतो आणि खुर्च्या उलट फिरतात. रोझरी संपली की पुन्हा टीव्हीकडे. खुर्च्यांच्या पायांनी फरशीवर अर्धगोल रेघा उमटल्यात. जुना टीव्ही लहान होता. अंकल त्यावर फुटबॉल बघत. स्वयंपाकघराच्या दारातून, म्हणजे हॉल पूर्ण ओलांडून.

त्या रविवारी जेवताना विषय निघाला.

"पासष्ट इंची घेऊ," एरॉल म्हणाला. "लग्नाला घरात पाहुणे असणार. ॲनिशाच्या घरी पंचावन्न आहे."

"म्हणून आपल्याकडे पासष्ट?" अंकल म्हणाले.

"म्हणून नाही. भिंत मोठी आहे म्हणून."

"बत्तीस पुरे."

आंटी माशाचा तुकडा माझ्या ताटात वाढता वाढता थांबल्या. "बत्तीस वर्षं नोकरी केली, आता टीव्हीपण बत्तीस. ह्यांना पुढचा आकडा येत नाही."

"डॅडी, बत्तीस आता लोक किचनमध्ये लावतात."

"मी किचनच्या दारातच बसतो."

"तेच तर. मोठा घेतला तर हॉलमध्ये येऊन बसाल माणसासारखे."

सगळे हसले. अंकलही हसले. मग ते म्हणाले, "संकेतला घेऊन मी दुकानात बघून येतो. तो शिकलेला आहे. साहित्यातले लोक लहानच टीव्ही बघतात. हो ना रे?"

"आमच्या घरी त्रेचाळीस आहे," मी म्हटलं.

"मग तू खरा साहित्यातला नाहीस."

एरॉलने हात टेकले. म्हणाला, "बघून या. पण घेऊन येऊ नका."

दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. आत शिरताना अंकलनी काचेच्या दाराच्या चौकटीला हात लावला. भिंतभर टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच चित्र, समुद्राखालचे मासे. विक्रेता तरुण होता. बोलत सुटला. फोर-के, साउंडबार, भिंतीवर बसवून देणं फुकट.

"बारा फुटांवरून चोवीस इंची कसा दिसेल?" अंकलनी विचारलं.

"दिसणारच नाही अंकल. त्यासाठीच हा पासष्ट आहे. बसा ना, फील घ्या."

त्याने त्यांना पासष्ट इंचीसमोर बसवलं आणि बातम्या लावल्या. अंकल मान हलवू लागले. डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग पुन्हा डावीकडे. पान वाचावं तसे ते पडदा वाचत होते. निवेदिकेच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबले.

"संकेत, खालची पट्टी आहे का रे?"

पट्टी होती. लाल, वीतभर उंच, सरकत होती.

"आहे," मी म्हटलं.

"असं होय."

मग ते उठले. दुकानाच्या टोकाला कोपऱ्यात एक छोटा टीव्ही होता, बहुतेक एखाद्या पेढीच्या काउंटरसाठी ठेवलेला. त्याच्यापासून ते मागे मागे सरकत गेले. पाठ फ्रिजला टेकली तेव्हा थांबले. मान स्थिर झाली.

"हा सगळा दिसतो," ते म्हणाले.

विक्रेता माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही. काय झालं ते मला अजून समजलं नव्हतं, पण काहीतरी झालं होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. मी विचारलं, "अंकल, डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. थकले असतील लपवून.

"काचबिंदू," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी कळलं. वसईला दाखवलं, गावातलं कुणी भेटू नये म्हणून. थेंब टाकतो. एमिलीला सांगितलंय धुळीच्या त्रासाचे आहेत."

"कडेला काळोख दिसतो का?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. काळोख नसतो. काळोख असता तर लवकर कळलं असतं. कडच नसते." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आता तुझा चेहरा आहे. तुझा हात आहे की नाही, ते मला शोधायला जावं लागतं. मोठ्या टीव्हीवर बॉल सापडेपर्यंत गोल होतो. लहान लांब ठेवला की सगळं मैदान उरलेल्या भोकात मावतं."

"म्हणून बत्तीस."

"चोवीस मिळाला तर बरं. पण चोवीसला एमिली घरातून काढेल."

मला त्यांच्या वडिलांची आठवण झाली. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला होतं का. मी नाही म्हणालो."

"का?"

"तोंडातून गेलं. आयुष्यभर तेच म्हणत आलोय. आमच्यात तसं काही नाही, मोतीबिंदू होता, काढायचा राहिला." त्यांनी कप खाली ठेवला, आधी बाकावर हात फिरवून. "तरी डॉक्टर म्हणाला, मुलं असतील तर तपासून घ्या. हा घराण्यात उतरतो. दुखत नाही, कळत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं."

"एरॉलला सांगितलंत?"

"मेमध्ये लग्न आहे."

"तपासायला एक दिवस लागतो."

"आणि निघालं तर? ॲनिशाचे वडील याच पट्ट्यातले. त्यांना आमच्या घराचं नाव माहीत आहे. आतापर्यंत ते नुसतं नाव आहे. मी बोललो की ते खरं होईल. लग्न होऊ दे. जूनमध्ये सांगतो."

"लग्नानंतर कळलं तर ॲनिशाला काय वाटेल?"

ते उठले आणि चहाचे पैसे दिले. परत जाताना बावखलाशी त्यांनी मला पाण्याच्या बाजूला घातलं. आता मला त्याचं कारण माहीत होतं. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला. "गावात नको," म्हणाले.

त्यानंतर ते वाचनालयात येत तेव्हा मी रोज तोच प्रश्न विचारी. ते पुस्तक पुढे करत आणि म्हणत, "परत केलं, नोंद कर." एकदा चिडले. "तुझ्या बापाला असतं तर तू एवढं बोलला असतास?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "तुझ्या बापाला आंधळ्याचा कुणी म्हणत नाही." मग जाताना दारातून परत आले. "येत्या रविवारी ये. एमिलीने बोलावलंय," असं म्हणाले. ती त्यांची माफी होती.

रविवारी गेलो तेव्हा टीव्ही आलेला होता. पासष्ट इंची. एरॉलने कुणाला न विचारता आणला होता आणि टेबलावर ठेवला होता. टेबल त्याच्याखाली पाटासारखं दिसत होतं.

"डॅडींना सरप्राइज," तो मला म्हणाला. "त्यांना वाटतं मी लग्नाच्या खर्चात वाचवावं. अरे, रिटायर झालाय माणूस. दिवसभर घरी असतो. नीट बघू दे ना."

त्याच्या बोलण्यात खरी माया होती. म्हणून ऐकवेना.

फुटबॉलचा जुना सामना लावला होता. अंकलना एरॉलने मधल्या खुर्चीत बसवलं होतं. हात धरून, मानाने. पडदा त्यांच्यापासून चार पावलांवर. मान डावीकडून उजवीकडे जात होती. एका खेळाडूच्या गुडघ्यावर थांबत होती, पुन्हा निघत होती. गोल झाला. एरॉल ओरडला. अंकलनी टाळी वाजवली, पण उशिरा.

"कुठे बघता तुम्ही?" आंटी म्हणाल्या. "गोल होऊन तो पळत पळत कोपऱ्यात गेला."

"बघितला ना."

"कुणी मारला?"

"त्यानेच. ज्याने टाळी घेतली."

आंटी खूप हसल्या. "नवीन टीव्हीवर जुना नवरा."

एरॉल स्वतः मागच्या भिंतीला, आल्तारखाली बसला होता. मी म्हटलं, पुढे ये की. तो म्हणाला, "इथून बरा दिसतो. जवळून डोकं फिरतं." माझ्या मनात काही आलं नाही. एवढा मोठा पडदा, एवढा हॉल. कुणीही मागेच बसेल. पण अंकलनी मान पूर्ण वळवून मुलाकडे बघितलं. मग ते सामना संपेपर्यंत टीव्हीकडे वळलेच नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी टीव्ही भिंतीवर बसवायचं ठरलं. दुकानाचा माणूस यायचा होता, पण तो कामाच्या दिवशीच येणार, आणि एरॉलला सुट्टी नव्हती. शेजारून ड्रिल आणलं. अंकल म्हणाले, "या घरातली प्रत्येक चौकट मी बसवलीय." आंटी म्हणाल्या, "म्हणूनच एकही दार लागत नाही."

त्यांची मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची प्रार्थना, आटोपल्यावर मी पोचलो. सकाळचं ऊन दारातून सरळ हॉलमध्ये येत होतं. पांढरी फरशी चकचकत होती. एरॉल स्टुलावर, अंकल खाली लेव्हल घेऊन, मी ब्रॅकेट धरून. ब्रॅकेट म्हणजे लोखंडी चौकट. तिला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. भिंतीवर पेन्सिलीने चार फुल्या मारल्या होत्या. डावीकडची दोन भोकं पाडून झाली. खालचा स्क्रू बसला. वरचा बसला. धूळ माझ्या डोळ्यांत गेली.

"उरलेले दोन जेवून मारू," अंकल म्हणाले. "हात दुखले."

"आता होऊनच जाऊ दे डॅडी," एरॉल म्हणाला. "द्या तिसरा."

अंकलनी स्क्रू वर धरला. एरॉलचा हात जरा बाजूला गेला. स्क्रू पडला. फरशीवर वाजला, गोल फिरला आणि थांबला.

एरॉल खाली उतरला. गुडघ्यांवर बसला. अंकलही बसले.

स्क्रू एरॉलच्या उजव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. उन्हात. चांगला बोटभर लांब, चकचकीत. तो चुकून नजरेत न येणं शक्य नव्हतं.

एरॉल मान हलवत होता. डावीकडून उजवीकडे. मग थोडं पुढे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. हाताने फरशी चाचपत होता. हात स्क्रूच्या शेजारून गेला. त्याच्यासमोर त्याचे वडील. तीच मान, तसाच हात. दोघे समोरासमोर, पान वाचावं तशी फरशी वाचत होते.

आधी मला वाटलं एरॉल नक्कल करतोय. मग कळलं, तो नक्कल करत नाहीये.

"गेला कुठे?" एरॉल म्हणाला. "सोफ्याखाली गेला का रे, संकेत?"

अंकलनी वर बघितलं, मला विचारायला. मी स्क्रूकडे बघत नव्हतो. मी एरॉलकडे बघत होतो. ते त्यांनी पाहिलं.

ते तसेच गुडघ्यांवर राहिले. मग म्हणाले, "एरॉल, थांब."

"मिळेल ओ, इथेच वाजला."

"थांब म्हटलं ना. माझ्याकडे बघ. माझ्या नाकाकडे. डोळे हलवायचे नाहीत."

"काय झालं?"

"बघ."

एरॉल हसत त्यांच्या नाकाकडे बघू लागला. अंकलनी डावा हात बाजूला, खांद्याच्या रेषेत लांब केला आणि दोन बोटं वर केली. ती बोटं त्यांना स्वतःलाही दिसत नव्हती.

"किती बोटं?"

"कुठली बोटं?" एरॉल म्हणाला.

अंकलनी हात थोडा पुढे आणला. "आता?"

"डॅडी, हात तरी वर करा."

हात आणखी पुढे आला. आणखी. चेहऱ्याच्या अगदी जवळ आला तेव्हा एरॉल म्हणाला, "दोन." तो अजून हसतच होता. मग त्याने वडिलांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

आंटी हातात आमटीचा डाव घेऊन दारात आल्या होत्या. "काय खेळ चाललाय?"

अंकलनी तिथेच, फरशीवर बसून सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत. काचबिंदू. दिवाळीच्या आधी कळला. थेंब धुळीचे नाहीत. बाबाला मोतीबिंदू नव्हता, हेच होतं. डॉक्टरने मुलांना तपासायला सांगितलं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा सांगितलं, नीट ऐकू जावं म्हणून.

मागे वाडीत कुणीतरी पंप चालू केला.

"दिवाळी," एरॉल म्हणाला. "आणि मी रोज बाईक चालवतोय."

"हो."

"मागच्या महिन्यात रिक्षावाला मध्ये आला म्हणून मी त्याला शिव्या दिल्या. तो बाजूनेच येत होता. मला दिसला नव्हता. मला वाटलं, तोच कुठून तरी उपटला."

अंकलनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कुणासाठी लपवलंत? माझ्यासाठी की नावासाठी?"

"मला वाटलं तुझ्यासाठी," अंकल म्हणाले.

एरॉल उठला. खिळ्यावरची बाईकची किल्ली त्याने घेतली. आंटी आडव्या आल्या. डाव खाली न ठेवताच त्यांनी दुसऱ्या हाताने किल्ली काढून घेतली आणि गाउनच्या खिशात टाकली. "पायी जा," म्हणाल्या. "कुठे जायचं ते पायी जा." तो गेला. चौकटीला त्याचा खांदा लागला.

मग आंटी नवऱ्याकडे वळल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "फ्रिजमध्ये मी रोज ती बाटली बघायचे. एकदा वाचायला हवी होती." आणि आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

दोन दिवसांनी अंकल, एरॉल आणि मी वसईला गेलो. रिक्षाने. एरॉल वडिलांशी बोलत नव्हता, पण रिक्षातून उतरताना त्याने हात दिला. दोघांनी एकमेकांना उतरवलं असं म्हणता येईल. तपासणीला वेळ लागला. यंत्रात बघून दिवा दिसला की बटण दाबायचं असतं. बाहेर बाकावर बसून आम्हाला ते बटण ऐकू येत होतं. बराच वेळ ते वाजत नव्हतं. अंकल मुठी आवळून बसले होते. वाजलं की सैल सोडत.

उजवा डोळा बराच गेलाय. डावा कमी. डॉक्टर बाई होत्या. कागद समोर ठेवून त्यांनी विचारलं, घरात कुणाला आहे का. एरॉलने वडिलांकडे बघितलंही नाही.

"माझ्या वडिलांना होतं," अंकल म्हणाले. "मला आहे. मागच्या वेळी तुमच्या इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना मी 'नाही' म्हणालो होतो. ते खोटं होतं. तेवढं दुरुस्त करा."

बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, काही महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. त्या सहज म्हणाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

परतीच्या रिक्षात एरॉल पहिल्यांदा बोलला. "ॲनिशाला मी सांगेन. तिच्या वडिलांना तुम्ही."

"दोघांना मीच सांगतो."

"नको. तिला मी."

संध्याकाळी अंकल ॲनिशाच्या घरी गेले. मला बरोबर नेलं नाही. म्हणाले, "एकट्याने जायला हवं." अंधार पडल्यावर त्यांना नीट चालता येत नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. आंटींनी हातात टॉर्च दिला. तो पेटवून, गावातल्या मधल्या रस्त्याने, लोकांसमोरून ते गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. कुठे पाय घसरला ते विचारलं तर म्हणाले, "माझ्या लक्षात नाही."

ॲनिशा दुसऱ्या दिवशी स्वतः आली. एरॉलबरोबर ओट्यावर बराच वेळ बसली. जाताना तिने आंटींचा हात धरला. तिच्या घरून अजून निरोप नाही. लग्नाआधी तीन रविवार देवळात त्याच्या घोषणा वाचतात, ती वेळ जवळ येतेय. एरॉल विचारत नाही. अंकल दर रविवारी वाचनाला उठतात, पायरीला बुटाचं टोक लावतात. आता लोक त्यांच्या पायांकडे बघतात.

रोझरी चालू आहे. परवा मी होतो. खुर्च्या आल्तारकडे फिरल्या. बापलेक शेजारी बसले. अंकल पुढे म्हणत होते, एरॉल मागे. संपल्यावर खुर्च्या परत टीव्हीकडे फिरवायला कुणी उठलं नाही. आंटींनी तशाच बसलेल्या दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकले. आधी मुलाच्या, मग नवऱ्याच्या. दोन बाटल्या, पण औषध एकच. "मान वर," त्या म्हणत होत्या. "वर म्हटलं ना. लहान आहेस का?" हे त्या कुणाला म्हणत होत्या, ते मला सांगता येणार नाही.

टीव्ही टेबलावर आहे. बंद आहे. त्याच्यावर आंटींनी चादर टाकलीय. वर भिंतीला ब्रॅकेट लटकलंय, डावीकडच्या दोन स्क्रूंवर. उजवी बाजू सुटी आहे. वारा आला की भिंतीवर हलकी आपटते. त्या बाजूला पेन्सिलीच्या दोन फुल्या आहेत. शेजारी ड्रिल मागून गेले, आंटींनी देऊन टाकलं. स्टूल मात्र तिथेच, भिंतीला लावून ठेवलेलं आहे. उरलेले दोन जेवून मारू, असं अंकल म्हणाले होते. ती भोकं अजून पाडायची राहिली आहेत.